इंडक्शन मोटरचे उच्चवेग नियंत्रण

इंडक्शन मोटर तिच्या मूळ (नेमून दिलेल्या) वेगापेक्षा जास्त वेगाने फिरवताना टॉर्क (फिरवणारा जोर) काबूत ठेवण्याची पद्धती. विजेवरची वाहने आणि यंत्र-अवजारांचे स्पिंडल यांत तिची गरज पडते. ४ ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग (आतले चुंबकीय क्षेत्र फिरण्याचा वेग) ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे असतो. इन्व्हर्टरने (डीसीपासून हव्या वारंवारतेचा एसी बनवणाऱ्या साधनाने) वारंवारता वाढवली की तोही वाढतो. पण त्याबरोबर मोटरमधला विरोधी विद्युत दाबही (व्होल्टेज) चढतो, आणि इन्व्हर्टर त्याला वीज पुरवणाऱ्या डीसी वाहिनीच्या, म्हणजे डीसी बसच्या, दाबापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून फ्लक्स, म्हणजे मोटरमधले चुंबकत्व, मुद्दाम कमी करतात. यालाच फील्ड वीकनिंग म्हणतात.

हासे आणि ब्लाश्के या अभियंत्यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या व्हेक्टर नियंत्रणात स्टेटरमधल्या (मोटरच्या स्थिर भागातल्या) प्रवाहाचे दोन घटक धरतात : डी घटक फ्लक्स घडवतो, क्यू घटक टॉर्क. वेगाच्या व्यस्त प्रमाणात फ्लक्स घटवणे हा जुना नियम सोपा आहे, पण फसवा. फ्लक्स उतरला की लोखंडाची संपृक्तता (चुंबकत्वाने भरून जाणे) कमी होते आणि चुंबकन इंडक्टन्स, म्हणजे तेवढ्याच प्रवाहात घडणारा फ्लक्स, वाढतो. आकडेमोडीत तो ठरावीकच धरला, तर प्रत्यक्षात फ्लक्स हवा त्याहून जास्त राहतो, दाब पुरत नाही आणि प्रवाह नियंत्रकाचा ताबा सुटतो. त्यापेक्षा नियंत्रक मागत असलेला दाब उपलब्ध दाबाशी सतत ताडून डी प्रवाह कमी-जास्त करणे बरे. मोटरचे गुणांक चुकले किंवा बसचा दाब पडला, तरी ही पद्धत निभावून नेते.

वेग आणखी वाढला की मोटरचा कमाल टॉर्क वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घसरतो. इथे क्यू प्रवाहालाही आवर घालावा लागतो. नाहीतर स्लिप (रोटर, म्हणजे फिरता भाग, क्षेत्राच्या मागे पडण्याचे प्रमाण) मर्यादेपलीकडे जाते आणि जास्त टॉर्क मागूनही कमीच मिळतो.

डिजिटल विलंबाकडे बहुधा उशिरा लक्ष जाते. मोजमापापासून दाब लागू होईपर्यंत साधारण दीड सॅम्पल (मोजमापाचा एक फेरा म्हणजे एक सॅम्पल) जातो. १० किलोहर्ट्झ सॅम्पलिंग आणि ५०० हर्ट्झ वारंवारता असेल, तर तेवढ्यात व्हेक्टर २७ अंश पुढे सरकलेला असतो. हा कोन आधीच जमेस धरला नाही, तर डी आणि क्यू घटक एकमेकांत मिसळतात आणि प्रवाह डोलू लागतो.

इन्व्हर्टर सहा-पायरी पद्धतीने, म्हणजे दर चक्रात दाब फक्त सहा वेळा बदलून, चालवल्यास रेषीय मर्यादेपेक्षा (मागणीच्या प्रमाणात दाब देता येतो त्या हद्दीपेक्षा) सुमारे १० टक्के जास्त मूळ वारंवारतेचा दाब मिळतो. बदल्यात टॉर्कमध्ये सहाव्या हार्मोनिकची (मूळ वारंवारतेच्या सहापट वारंवारतेची) थरथर येते, आणि प्रवाह सुधारायला हातात दाब उरत नाही.