उंच धनुर्धराचा तीरकामठा: मापाविषयी एक खुलासा

तीरकामठा उभा धरला की तो धनुर्धराच्या उंचीला भिडला पाहिजे, अशी एक समजूत ऐकू येते. परंतु धनुष्याची निवड उंचीवरून नव्हे, तर खेचीवरून, म्हणजे दोरी किती मागे येते त्यावरून करावी लागते.

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरावेत, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत शिंप्याच्या टेपने अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर 185 सेंटिमीटर भरले, तर खेच 74 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 29 इंच येते. अंदाजाला एवढे पुरते.

अखंड बांबूच्या किंवा लाकडाच्या धनुष्याला एवढ्या खेचीसाठी साधारण 66 ते 68 इंच लांबी असावी, कारण धनुष्य आखूड असल्यास दोरीचा कोन टोकदार होऊन बोटे चिमटतात, शेवटच्या दोन इंचांत ताण एकदम चढतो आणि कांब तडकण्याचा धोकाही वाढतो. शिंग आणि जनावरांच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट तंतू) यांपासून बनवलेले कोरियाचे पारंपरिक धनुष्य मात्र जेमतेम चार फुटांचे असूनही 30 इंचांपलीकडे खेचले जाते. तेव्हा घडणही पाहावी लागते.

विकत घेताना धनुष्यावरील पौंडांचा आकडा, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, सहसा 28 इंच खेचीचा असतो. पुढच्या प्रत्येक इंचाला ताण दोन-तीन पौंडांनी वाढतो, म्हणून लांब हातांच्या नवशिक्याने आकडा थोडा कमीच निवडावा.