आफ्रिकेबाहेरचे सिंह : कुठे होते, कुठल्या उपजातीचे आणि कुठे उरले

आफ्रिकेबाहेर जंगली सिंह आज एकाच ठिकाणी आहेत, गुजरातेत गीरचं जंगल आणि त्याच्या भोवतालचे सौराष्ट्रातले जिल्हे. २०२५ च्या गणतीत ते ८९१ भरले. पण दोन-अडीच हजार वर्षं मागे गेलं तर हाच प्राणी ग्रीसपासून तुर्कस्तान, इराक, इराण, सिंध, पंजाब, दिल्ली करत पार आजच्या झारखंडमधल्या पलामूपर्यंत पसरलेला होता, त्यामुळे सिंह म्हणजे आफ्रिकेचं जनावर आणि गीरचे म्हणजे कुठून तरी येऊन पडलेले, असं जे बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं ते उलटं आहे, गीरचे सिंह हे त्या मोठ्या पट्ट्याचं उरलेलं शेवटचं टोक आहे.

नाशिकहून गीर सरळ रेषेत जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. तरी गोदावरीच्या खोऱ्यात सिंह होता याची खात्रीलायक नोंद नाही, त्याबद्दल पुढे.

आधी एक घोळ मिटवू. युरोपच्या गुहांमध्ये काढलेले सिंह, फ्रान्समधल्या शोव्हे गुहेतले वगैरे, हे आजचे सिंह नाहीत. तो गुहासिंह, वेगळी जात, आजच्या सिंहापासून साधारण पाच लाख वर्षांपूर्वी फुटलेली. चित्रांत त्याला आयाळ दिसत नाही. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत त्याचे बछडे केसांसकट सापडलेत, २०१५ मध्ये मिळालेल्या दोघांना उयान आणि दिना अशी नावं दिली. साधारण १३-१४ हजार वर्षांपूर्वी ही जात संपली, अमेरिकेतला मोठा सिंहही त्याच सुमाराचा. श्रीलंकेतही एक जुना सिंह सांगतात, पण १९३९ मध्ये दिलेलं ते नाव दोन दातांच्या जोरावर उभं आहे, त्यावर फार विसंबू नये.

आता उपजाती. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये सिंहाला शास्त्रीय नाव दिलं ते अल्जेरियातल्या सिंहावरून. आशियाई सिंहाचं नाव १८२६ मध्ये इराणच्या नमुन्यावरून पडलं, पँथेरा लिओ पर्सिका, आपण शाळेत हेच शिकलो. मग पुढच्या दीडशे वर्षांत ज्याला वेगळ्या रंगाची आयाळ दिसली त्याने नवी उपजात काढली असं थोडक्यात म्हणता येईल, आणि आयाळ तर हवामान, वय, खाणंपिणं यावरही बदलते. शेवटी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्जार तज्ज्ञगटाने सगळं आवरून दोनच उपजाती ठेवल्या : उत्तरेकडची पँथेरा लिओ लिओ, यात पश्चिम आणि मध्य आफ्रिका, नामशेष झालेला उत्तर आफ्रिकेचा बार्बरी सिंह आणि आपला गीरचा, आणि दुसरी पूर्व व दक्षिण आफ्रिकेची पँथेरा लिओ मेलॅनोकायटा. म्हणजे टीव्हीवर पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचा जो सिंह दिसतो त्याच्यापेक्षा पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचा सिंह गीरच्या सिंहाला जवळचा. गुजरातेत पर्सिका हे नाव अजून सर्रास चालतं, आणि आपला सिंह वेगळा म्हणायचं असेल तर ते सोयीचंही पडतं.

दिसायला मात्र फरक आहे. गीरच्या नराची आयाळ डोक्यावर विरळ असते त्यामुळे कान उघडे दिसतात, आणि पोटाखाली कातडीची एक लांबट घडी लोंबते, ती आफ्रिकेतल्या सिंहात क्वचितच. राहणंही निराळं, तिथे नर कळपातच असतात, इथे नर आपापले फिरतात आणि माद्यांशी गाठ पडते ती मुख्यतः जुगायच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवर.

युरोपातला सिंह काही दंतकथा नाही. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सम्राट झर्क्सिसची फौज ग्रीसवर चालून जाताना सिंहांनी रात्री येऊन सामानाचे उंट मारले असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय, आणि बल्गेरिया, युक्रेन, हंगेरी इथे हाडंही मिळालीत. अॅरिस्टॉटलच्या काळात तो तिथे दुर्मीळ झाला होता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सिंह मारणं हा राजाचा मानच होता, असिरियाचा राजा असुरबनिपालच्या निनेवेच्या राजवाड्यातली सिंहशिकारीची शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात एक सिंहीण पाठीत बाण घुसून मागचे पाय निकामी झालेली तरी पुढच्या पायांवर अंग ओढत गुरगुरते आहे, ज्याने ती कोरली त्याने मरणारी सिंहीण जवळून पाहिली असणार याबद्दल मला तरी शंका नाही. पण भाल्याबाणांनी तिथला सिंह संपला नाही, संपला तो बंदुकीने. तुर्कस्तानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, इराकमध्ये १९१८ च्या सुमारास, इराणमध्ये १९४० च्या दशकात कारून नदीकाठी एक मेलेली सिंहीण दिसली ती शेवटची.

भारतात हेच सगळं शंभर वर्षांच्या आत उरकलं. पलामूचा सिंह १८१४ ला गेला, दिल्लीच्या बाजूचा १८३४ च्या आसपास, मध्य भारतातला गुना शहराजवळचा १८७३ मध्ये, मग उत्तर गुजरातेतले डीसा-पालनपूरकडचे १८८० पर्यंत. १८५७ च्या सुमारास एकट्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तीनशेच्या वर सिंह मारले, अशीही नोंद सापडते. सिंह वाघासारखा दाट रानात दडत नाही, उघड्या माळावर, काटेरी झुडपांत कळपाने पडून असतो, घोड्यावरच्या शिकाऱ्याला याहून सोपं काय.

दक्षिणेला हद्द नर्मदा. असं का, तर विंध्य-सातपुड्याचं दाट जंगल आणि त्यातले वाघ आडवे आले असा अंदाज मांडतात. मला तो निम्माच पटतो, कारण दख्खनच्या माळावर काळवीट होते, चित्ताही होता, म्हणजे सिंहाला लागणारी जागा आणि भक्ष्य दोन्ही होतं. पण पुरावा नाही तो नाहीच, आणि लोकांच्या देवांतही तेच दिसतं. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर वाघबारसेला पुजतात तो वाघदेव, लाकडी फळीवर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले, समोर गुराख्यांची पोरं वाघ बनून नाचणार. सिंहाचं असं काही रानात नाही. आपल्याकडे सिंह आहे तो देवीचं वाहन म्हणून, गडाच्या नावात, आणि बारा वर्षांनी गुरू त्या राशीत गेला की गोदाकाठच्या सिंहस्थात.

जुनागढच्या नवाबांनी शिकारीला चाप लावला म्हणून गीरचे वाचले. १९०० मध्ये व्हाइसरॉय कर्झनला शिकारीचं निमंत्रण होतं, त्याने ती टाळली आणि उलट संरक्षण करा म्हणून सल्ला दिला. तेव्हा डझनभरच सिंह उरलेत असं सांगितलं जायचं, पण बड्या पाहुण्यांना टाळायला आकडा मुद्दाम कमी सांगत असावेत असा बऱ्याच अभ्यासकांचा संशय आहे, कारण १९३६ च्या गणतीत २८७ निघाले. १९६५ ला अभयारण्य झालं, १९७५ ला राष्ट्रीय उद्यान. २०१५ ला ५२३, २०२० ला ६७४, आणि आता निम्म्याच्या आसपास सिंह जंगलाबाहेर शेतात, आमराईत, समुद्रकाठी राहतात. तिथे बिनकठड्याच्या विहिरींत पडून सिंह मरायचे म्हणून हजारो विहिरींना कठडे बांधले. निफाड-सिन्नरकडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, उसातला बिबट्या पहाटे विहिरीत पडतो, मग काठावर अख्खा गाव जमतो आणि वनखात्याची माणसं दोराने बाज नाहीतर पिंजरा खाली सोडतात.

सगळे एकाच जागी असल्याची भीती वेगळीच. २०१८ मध्ये गीरच्या एका भागात थोड्या आठवड्यांत वीसच्या वर सिंह गेले, त्यांच्यात कुत्र्यांपासून येणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला, त्याच विषाणूने १९९४ मध्ये सेरेंगेटीतले एक तृतीयांश सिंह नेले होते. दुसरं घर करायचा पहिला प्रयोग १९५७ मध्ये उत्तर प्रदेशात चंद्रप्रभाला झाला, तीन सोडले, त्यांचे अकरा झाले आणि मग सगळे दिसेनासे झाले. दुसरी जागा मध्य प्रदेशातलं कुनो. गावं उठवली, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये सहा महिन्यांत सिंह हलवा म्हणून सांगितलं, आणि तरी ते गेले नाहीत, २०२२ मध्ये त्या कुनोत नामिबियाचे चित्ते आले. गुजरातला आपला सिंह द्यायचा नाही यापलीकडे पटेल असं कारण मला तरी दिसलेलं नाही. पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात एक नर २०२३ मध्ये आपणहून पोचला, १८७९ नंतर पहिल्यांदा, आणि २०२५ ला तिथे १७ मोजले. पण बरडाही सौराष्ट्रातच.

प्राणिसंग्रहालयांत आहेत त्यातले सगळे शुद्ध नाहीत, चंडीगडजवळच्या छतबीरमध्ये आफ्रिकी रक्ताचा संकर झाला आणि पुढे ती पैदास थांबवावी लागली. शुद्ध वंशाची पैदास मुख्यतः जुनागढच्या सक्करबागेत होते. तिथली एक जोडी २०२२ मध्ये वाघांच्या बदल्यात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आली, नाशिककरांना हा पल्ला गीरपेक्षा खूपच कमी.