पडद्यावरच्या उष्मांकांची वंशावळ

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला मी ज्या जिममध्ये जातो, तेथे सकाळी सातच्या सुमारास एक निवृत्त काका ट्रेडमिलवर ताशी ६ किलोमीटरच्या वेगाने चालत असतात. फोन वाजला की ते पट्टा थांबवत नाहीत. दोन्ही पाय कडेच्या स्थिर फळ्यांवर ठेवून उभे राहतात आणि निवांत बोलतात. परवा फोन आला तेव्हा पडद्यावर ८४ कॅलरी दिसत होत्या आणि तीन मिनिटांनी बोलणे संपले तेव्हा ९६. "काका, पट्टा तरी थांबवा," असे म्हटले, तर म्हणाले, "राहू दे रे, कॅलरी मोजल्या जाताहेत ना."

त्या यंत्रात शरीराची उष्णता किंवा श्वास मोजणारे काहीही नाही. त्याला पट्ट्याचा वेग कळतो, चढ कळतो आणि सुरुवातीला कोणी बोटाने भरले असेल तर वजन कळते. या दोन-तीन गोष्टींवरून उष्मांकाचा आकडा निघतो, कारण मधली सारी पायरी गृहीत धरलेली असते. ती गृहीतके एका दिवसात आलेली नाहीत. सुमारे सव्वादोनशे वर्षांत, प्रत्यक्ष मोजमापाचा एकेक भाग गळत गेला आणि त्याच्या जागी एकेक सरासरी येऊन बसली.

व्यायामाचा हिशेब ठेवणे बडोद्याला नवे नाही. राजरत्न माणिकरावांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर याच दांडिया बाजारात आहे आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला मराठी व्यायामज्ञानकोशही याच गावातून खंडाखंडाने बाहेर पडला. आखाड्यात हिशेब असे तो जोरांचा, बैठकांचा आणि मुद्गलाच्या हातांचा. त्या हिशेबाचा एक मोठा गुण असा, की मोजले जाते ते डोळ्यांसमोर घडलेले असते. शंभर बैठका म्हणजे शंभर बैठका. त्या बैठकांसाठी शरीराने आतून किती इंधन खर्च केले, हा प्रश्न आखाड्याने कधी विचारला नाही. तो रसायनशास्त्रज्ञांनी विचारला.

आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमों लाप्लास यांनी १७८०च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला आणि त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळतो हे तोलून पाहिले. त्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूशी त्याचा मेळ घालून त्यांनी असे मांडले, की श्वसन म्हणजे एक संथ ज्वलनच होय. आज आपण 'कॅलरी जाळतो' असे म्हणतो, ते अलंकारिक वाटले तरी मुळात हेच शब्दशः विधान आहे. पुढे १७९०च्या आसपास लाव्हाझिएने आपला सहकारी आर्मां सेगँ याच्यावर प्रयोग केले. सेगँच्या तोंडावर मुखवटा बसवलेला, पाय एका पायट्यावर, आणि शेजारी टेबलापाशी मारी-आन लाव्हाझिए टिपणे घेत बसलेल्या. हे दृश्य त्यांनी स्वतःच रेखाटून ठेवले आहे. पायटा दाबण्याचे श्रम सुरू झाले, की सेगँला लागणारा प्राणवायू विश्रांतीच्या अडीच पटींहून अधिक होई. कार्डिओ यंत्रांचा पूर्वज शोधायचाच तर तो पायटा धरावा. लाव्हाझिएचे काम मात्र तेथेच खुंटले, कारण १७९४ साली क्रांतिकारकांनी त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद केला.

'कॅलरी' हा शब्द पॅरिसमध्येच, निकोला क्लेमां याच्या १८१९ ते १८२४ या काळातील व्याख्यानांतून रूढ झाला. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता, असा त्याचा अर्थ होता, आणि तो वाफेच्या यंत्रांच्या चर्चेत आला होता, आहाराच्या नव्हे. पुढे भौतिकशास्त्रात त्याच नावाचे हजारपट लहान एकक वापरात आल्याने किलोकॅलरी आणि कॅलरी असा घोळ झाला, जो वेष्टनांवर आणि पडद्यांवर अजून चालू आहे. जिमच्या पडद्यावरची कॅलरी म्हणजे नेहमी किलोकॅलरीच समजावी. मराठीतला 'उष्मांक' हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे. तो उष्णतेचा अंक आहे हे लपवत नाही.

ट्रेडमिलचा जन्म याच सुमारास, पण वेगळ्याच ठिकाणी झाला. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली तुरुंगांसाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक सुचवले. कैद्यांनी कठड्याला धरून तासन्‌तास त्या पायऱ्या चढत राहायचे, चाक फिरत राही आणि कैदी जागच्या जागी. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळले जाई, काही ठिकाणी ते नुसतेच वारा कापत फिरे. योगायोग असा, की श्रम आणि श्वास यांची सांगड घालणारे एक फार महत्त्वाचे काम याच चाकावर झाले. एडवर्ड स्मिथ या डॉक्टरने १८५०च्या दशकात लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातील चाकावर श्रमाच्या वेळी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला, आणि त्यासाठी तो स्वतः चाकावर चढला. शिक्षेचे ते साधन १८९८च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये मागे पडले. नाव मात्र राहिले, आणि आज त्यावर चढण्यासाठी आपण महिन्याची फी भरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्बर ॲटवॉटर याने अमेरिकेतील मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीने एक कोठी उभारली. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच वस्तू. खाट, खुर्ची आणि टेबल कसेबसे मावेल एवढी ती बंदिस्त जागा होती. माणूस तीत काही दिवस राहत असे. त्याला खिडकीतून मोजलेले अन्न मिळे, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासली जाई, आणि भिंतीलगतच्या नळ्यांतून वाहणारे पाणी किती तापले यावरून त्याच्या अंगातून निघालेली सगळी उष्णता कळे. काही प्रयोगांत आत एक स्थिर सायकलही ठेवली होती. अन्नातून मिळालेली ऊर्जा आणि उष्णता व कामाच्या रूपाने बाहेर पडलेली ऊर्जा यांचा ताळा अगदी थोड्या फरकाने जमला. माणसाच्या खर्चाचे खरेखुरे मोजमाप म्हणावे ते असे. त्यासाठी एक बंद खोली, अनेक मदतनीस आणि काही दिवसांचा वेळ लागत होता.

एवढा खटाटोप कोणाला परवडणार? म्हणून उष्णता मोजण्याऐवजी केवळ प्राणवायू मोजण्याची वाट रुळली. पिष्टमय पदार्थ जळताना एक लिटर प्राणवायूमागे सुमारे ५ किलोकॅलरी निघतात, चरबी जळताना सुमारे ४.७, तेव्हा ढोबळमानाने पाच धरले तरी फार चूक होत नाही. बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्झ याने १८८९च्या सुमारास घोड्यांसाठी फिरत्या पट्ट्याचे यंत्र बांधले आणि नंतर श्वासवायू मोजणारे उपकरण पाठीवर बांधण्याजोगे केले. १९११ साली इंग्लंडमध्ये क्लॉड डग्लस याने एक मोठी पिशवी आणली; माणसाने चालताना वा चढताना तीत उच्छ्वास सोडायचा आणि नंतर तिच्यातला वायू तपासायचा. कोठीच्या जागी पिशवी आली, हा पहिला मोठा त्याग होता आणि तो सार्थ होता, कारण श्वास तरी त्या माणसाचाच मोजला जात होता.

दुसरा त्याग सायकलीवर झाला. फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि एडवर्ड कॅथकार्ट यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात एका व्यावसायिक सायकलपटूकडून दीर्घ काळ पायडल मारून घेतले. शरीराने खर्चलेल्या ऊर्जेपैकी पाचवा ते चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेली उष्णता होऊन जाते, हे अशा अभ्यासांतून पक्के झाले. हे प्रमाण एकदा हाती आले, की श्वास न मोजताही पायडलवरच्या कामावरून एकूण खर्चाचा उलटा हिशेब करता येतो. होडी वल्हवल्यासारखा व्यायाम देणाऱ्या कन्सेप्ट-टू या रोइंग यंत्राचे सूत्र कंपनीने उघडच ठेवले आहे: पायांनी आणि हातांनी लावलेल्या शक्तीचे वॅट घ्यायचे, त्यांना ०.८६०४ने गुणून तासाच्या किलोकॅलरी काढायच्या, शरीराची कार्यक्षमता २५ टक्के धरून चौपट करायची आणि स्वतःचे शरीर पुढे-मागे हलवण्यापोटी ताशी ३०० मिळवायच्या. १०० वॅटने ओढणाऱ्याला त्यामुळे ताशी ६४४ किलोकॅलरी दिसतात. त्यात माणूस १७५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ७९ किलोंचा मानलेला आहे. ५० किलोंच्या मुलीनेही १०० वॅट काढले तर आकडा तोच दिसेल. तरीही मला या यंत्राचा आकडा इतरांपेक्षा बरा वाटतो. निदान वॅट तरी खरे मोजलेले असतात.

ट्रेडमिलवर तेवढाही आधार नाही. दवाखान्यातली ट्रेडमिल १९५०च्या दशकात सिएटलमध्ये रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी हृदयाच्या तपासणीसाठी रुळवली. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवण्याची ब्रूस यांची पद्धत आजही बडोद्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात स्ट्रेस टेस्टला गेलात तर भेटते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरांनी धावण्याच्या व्यायामाचा पुरस्कार केला आणि त्यातून प्रेरणा घेऊन विल्यम स्टॉब या अभियंत्याने घरात ठेवता येईल अशी स्वस्त ट्रेडमिल केली. दरम्यान प्रयोगशाळांत गोळा झालेल्या मापांवरून अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने जी समीकरणे प्रचारात आणली, त्यांतील चालण्याचे समीकरण असे: दर मिनिटाला जितके मीटर चाललात त्याचा दहावा भाग, त्यात वेग गुणिले चढ (५ टक्के म्हणजे ०.०५) गुणिले १.८ आणि वर ३.५. उत्तर येते ते दर किलो वजनामागे दर मिनिटाला लागणाऱ्या प्राणवायूचे, मिलिलिटरमध्ये.

काकांचे वजन ६० किलो धरू. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. सपाटीवर १० अधिक ३.५, म्हणजे १३.५. त्याला ६०ने गुणले की ८१० मिलिलिटर, आणि लिटरला ५च्या हिशेबाने मिनिटाला सुमारे ४ किलोकॅलरी. फोनच्या तीन मिनिटांत पडलेल्या बारा कॅलरी या अशा आल्या. चाळीस मिनिटांचे १६२ होतात. यंत्रात आधीच्या माणसाचे ८० किलो तसेच राहिले असतील, तर २१६ दिसतात. चढ ५ टक्के केला तर ६० किलोंनाच २७० दिसतात, पण पुढचा दांडा घट्ट धरून मागे रेलून चाललात तर प्रत्यक्षात तितके श्रम होत नाहीत, आणि समीकरणाला दांड्याची खबर नसते. शिवाय त्या १६२ पैकी ४२ तर नुसते उभे किंवा बसून राहिले असते तरी खर्च झालेच असते. ते वजा करून दाखवण्याची सवय यंत्रांना सहसा नाही.

समीकरणाच्या शेवटचे ते ३.५ हीच सर्वांत नाजूक जागा आहे. विश्रांतीत दर किलोमागे मिनिटाला इतके मिलिलिटर प्राणवायू लागतो असे मानून त्याला 'एक मेट' म्हणतात, आणि चालणे तीन-चार मेट, धावणे दहा मेट अशा सारण्या त्यावर उभ्या आहेत. हा आकडा ७० किलो वजनाच्या, चाळिशीच्या एकाच पुरुषावरून आल्याचे सांगितले जाते. २००५ साली बर्न आणि सहकाऱ्यांनी ७६९ प्रौढांची मापे घेतली तेव्हा सरासरी २.६ निघाली. भारतीयांपुरती ही शंका त्याहून जुनी आहे. एलिनॉर मेसन आणि तेच बेनेडिक्ट यांनी मद्रासमध्ये दक्षिण भारतीय स्त्रियांची विश्रांत चयापचयाची मापे घेऊन १९३१ साली प्रसिद्ध केली, ती अमेरिकी प्रमाणापेक्षा स्पष्टपणे कमी होती. त्या काळी अशा फरकाचे खापर वंशावर आणि हवामानावर फोडण्याकडे कल होता. पुढच्या अभ्यासांतून दिसले, की शरीरातील चरबी वगळून उरणाऱ्या भागाचा हिशेब धरला तर हा फरक बराचसा मिटतो. म्हणजे यंत्राने विचारायला हवे होते ते स्नायू किती आणि चरबी किती. ते विचारते फक्त किलो, आणि तेही विचारलेच तर.

पाय लंबवर्तुळात फिरवायला लावणाऱ्या इलिप्टिकल यंत्राची गत आणखी अवघड, कारण प्रत्येक कंपनीच्या यंत्रात पायांची वाट आणि हातांच्या दांड्यांचा वाटा निराळा असतो, आणि चालण्याचे समीकरण तेथे तसेच्या तसे लावता येत नाही. मनगटावरच्या घड्याळांनी हृदयाचे ठोके आणले, पण स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सात घड्याळे साठ जणांवर तपासली तेव्हा ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, तर उष्मांकांत सर्वांत चांगल्या घड्याळाची चूकही सरासरी २७ टक्के आली आणि सर्वांत वाईटाची ९३.

हे सारे काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग ते वजन कुठे भरायचं असतं?" सुरू करण्याच्या बटणाशेजारीच तो प्रश्न उमटतो आणि काही सेकंदांत आपोआप निघून जातो. आम्ही तो पकडून ६० भरले. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी आधी पट्टा थांबवला.