वाय-फायच्या दांड्या भरलेल्या, म्हणजे नेट वेगवान?

‘वाय-फायच्या सगळ्या दांड्या दिसतायत, म्हणजे इंटरनेट जोरात आहे’ हा समज जुना आहे आणि साहजिकही, कारण सिग्नल फार कमी झाला तर वेग खरोखरच पडतो. पण दांड्या भरलेल्या असल्या म्हणून वेग असेलच, असं नाही. दांड्या फक्त फोन आणि राउटर यांच्यातल्या रेडिओ सिग्नलची ताकद दाखवतात. राउटरच्या पुढचं त्यांना काहीच कळत नाही.

पडताळून पाहा. मोबाइल डेटा बंद करा, राउटरला बाहेरून इंटरनेट आणणारी वायर काढा. दांड्या तशाच राहतील (शेजारी फारतर उद्गारचिन्ह येईल), पण संकेतस्थळं उघडणार नाहीत. आता ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरचं स्वतःचं सेटिंग्जचं पान मात्र उघडेल, म्हणजे वाय-फाय ठीक आहे, तुटलंय ते बाहेरचं इंटरनेट. वायर परत लावल्यावर जोडणी यायला एक-दोन मिनिटं लागू शकतात.