विमची सामायिक मांडणी

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या मजकूर-संपादकाची सेटिंग्ज (कळा, रंग, समास, एन्कोडिंग) एकाच मूळ फाइलीत ठेवून ती लिनक्स, मॅकओएस व विंडोज या तिन्ही प्रणालींवर वापरण्याची पद्धत. अशा फाइलींची नावे टिंबाने (डॉट) सुरू होतात, म्हणून त्यांना बोलण्यात सरसकट ‘डॉटफाइल’ म्हणतात. येथे मुख्यतः विम या संपादकाचा विचार केला आहे. त्याचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात साधारण १९७६ ते १९७९ या काळात घडवला. ब्रॅम मोलेनार यांनी विमचे काम १९८८ च्या सुमारास अमिगा संगणकावर सुरू केले आणि १९९१ मध्ये तो लोकांना खुला केला. युनिक्सवर (लिनक्स व मॅकओएस ज्या परंपरेतल्या आहेत ती जुनी प्रणाली) तो त्यानंतर आला. एकाहून अधिक प्रणालींवर चालण्याची तयारी त्यात आधीपासून दिसते ती यामुळे.

नावाआधीच्या टिंबाच्या उगमाबाबत दोन मते आहेत. बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये दिलेल्या हकिगतीनुसार तो निव्वळ अपघात होय. युनिक्सच्या फाइल-रचनेत चालू निर्देशिकेसाठी (फोल्डरसाठी) एक टिंब व वरच्या निर्देशिकेसाठी दोन टिंबे अशा नोंदी आल्या (हे दुसऱ्या आवृत्तीच्या, म्हणजे १९७२ च्या आसपास घडले असावे). यादी दाखवताना त्या वगळाव्यात म्हणून फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेत एक तपासणी घातली गेली. पण ती नावाचे फक्त पहिले अक्षर पाही, त्यामुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल आपोआप दडली. दडण्याची ही सोय नंतर हेतुपुरस्सर स्वीकारली गेली व तीच खरी सुरुवात मानावी, असाही एक पक्ष आहे. दोन्ही मतांत तसा विरोध नाही; मात्र उगमापुरते बोलायचे तर पाइक यांची हकिगत अधिक पटण्याजोगी वाटते.

विंडोजवर टिंबाची जागा अधोरेषेने घेतली, कारण विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीत नावाची सुरुवात टिंबाने करता येत नसे. डॉसची ती अट केव्हाच गेली, तरी विंडोजवरील विम आजही आधी अधोरेषेची विमआरसी (विमची सेटिंग्जची फाइल) शोधतो आणि ती न मिळाल्यास टिंबाची वाचतो. दोन्ही फाइली असल्या की टिंबाच्या फाइलीत केलेले बदल लागू होत नाहीत आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो.

त्याहून अवघड प्रश्न ‘होम’चा, म्हणजे विम आपली फाइल ज्या घर-निर्देशिकेत शोधतो तिचा पत्ता सांगणाऱ्या चलाचा. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील ऐरोली, रबाळे, महापे येथील कार्यालयांत ओळखीची मांडणी अशी: कार्यालयाचा विंडोज लॅपटॉप, काम दूरच्या लिनक्स सर्व्हरवर, घरी स्वतःचा उबुंटू किंवा मॅक. कार्यालयीन लॅपटॉपवर ‘होम’ हे चल ठरवलेले नसेल तर विम ‘होमड्राइव्ह’ व ‘होमपाथ’ यांवरून घर ठरवतो, आणि ती अनेकदा जाळ्यावरील सामायिक ड्राइव्हकडे बोट दाखवतात. घणसोलीच्या घरी व्हीपीएन (कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणी) न जोडता लॅपटॉप उघडला की ड्राइव्ह नाही, म्हणून विमआरसीही नाही. ‘होम’ स्वतः ठरवून टाकणे हा उपाय सोपा आहे.

ओळींच्या शेवटांबाबत नियम एकतर्फी आहे. युनिक्स पद्धतीचे शेवट असलेली विमआरसी विंडोजवर सहसा बिनतक्रार चालते. उलट विंडोजवर जतन केलेली लिनक्सवर नेली की रिकाम्या ओळीलासुद्धा ई४९२ (‘अशी आज्ञा नाही’) ही चूक दिसते. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) या फाइलींचे शेवट युनिक्स पद्धतीचेच राहतील अशी सूचना देऊन ठेवावी. क्लिपबोर्डसाठी विंडोज व मॅकवर ‘तारा’ (*) आणि ‘अधिक’ (+) ही रजिस्टरे, म्हणजे विमचे मजकूर साठवण्याचे कप्पे, एकच. लिनक्सच्या एक्स११ या खिडकी-व्यवस्थेत वेगळी.

मराठी लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिची दखल क्वचितच असते. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक चालू असताना कर्सर हलवण्याच्या एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त उमटतात आणि साध्या अवस्थेतील (जिथे कळा मजकूर न लिहिता आज्ञा देतात) आज्ञा बंद पडतात. विमचा ‘लँगमॅप’ हा पर्याय या अक्षरांना पुन्हा मूळ आज्ञांशी जोडतो. व्यंजनांपुरते ते सोपे आहे. पण ओळ खोडण्याच्या ‘डीडी’मधील डीच्या कळेवर इन्स्क्रिप्टमध्ये पाय मोडण्याचे चिन्ह येते; ते जोडाक्षराचा भाग असल्याने यादीत एकटे लिहिताना नीट दिसत नाही, म्हणून युनिकोड क्रमांकाने तपासलेले बरे. इन्स्क्रिप्टचा आराखडा १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे व तिन्ही प्रणालींवर मूळ व्यंजनांच्या जागा सारख्याच, त्यामुळे यादी एकदाच करावी लागते. ध्वन्यात्मक कळफलक प्रणालीगणिक बदलतात. सामायिक मांडणीसाठी त्यांची शिफारस करवत नाही. फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ हे एन्कोडिंग घोषित करणे जुन्या विंडोज आवृत्त्यांवर आवश्यक ठरते. टर्मिनलच्या ठरावीक रुंदीच्या चौकटींत ‘क्षेत्र’सारखे शब्द विस्कटतात, तो दोष मात्र विमआरसीने जात नाही.

मूळ फाइल एकच ठेवून प्रणालीविशिष्ट ओळी ‘हॅज’ या, प्रणाली कोणती ते तपासणाऱ्या फंक्शनच्या अटीत घालतात, किंवा वेगळ्या फाइलीत ठेवून शेवटी ओढून घेतात. दुसरी रीत वाचायला सोपी. फाइली जागेवर नेण्यासाठी ग्नू स्टो, शेमुआ (chezmoi) ही साधने किंवा नुसते गिट वापरले जाते. २०१४ मध्ये विमपासून फुटून निघालेल्या निओविमची फाइल लिनक्स व मॅकवर ‘कॉन्फिग’ निर्देशिकेत, तर विंडोजवर ‘ॲपडेटा’खाली असते. नॅनो या साध्या संपादकाची नॅनोआरसी ही फाइल लहान व सुटसुटीत. परंतु मॅकओएसच्या अलीकडील आवृत्त्यांत ‘नॅनो’ ही आज्ञा पिको या दुसऱ्या संपादकाकडे वळवलेली असल्याने तिथे नॅनो स्वतंत्रपणे बसवावा लागतो.