कट्ट्यावरचा उजेड आणि तिखटाचा तांबडा

किचनचं फर्निचर करायला काढलं की कोल्हापुरातलं घर ट्रॉल्या, चिमणी आणि ग्रॅनाइटचा रंग यांवर आठवडाभर वाद घालतं. दिव्याची पाळी येते तेव्हा मात्र वायरमनला ‘मधोमध एक ट्यूब टाक’ एवढं सांगून विषय मिटतो. मग ती ट्यूब वीस वॅटची असो की चाळीसची, कांदा चिरणाऱ्याच्या सुरीखाली अंधार राहतोच. दिवा खोलीच्या मध्यावर, कट्टा भिंतीला आणि दोघांच्या मधे आपण. वॅट वाढवले की खोली उजळते, सावली जागची हलत नाही.

उजेडाची वाट आणि त्या वाटेतला अडथळा ही गोष्ट कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत जातात. वाटेत एखादं वाढीव बांधकाम आलं किंवा क्षितिजावर ढग, धूळ असली की ते पोचत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. सूर्याचं तेज त्या दिवशी कमी झालेलं नसतं. किचनमध्येही उजेड किती हा प्रश्न नंतरचा. तो कुठून येतो, हा आधीचा.

म्हणून दिवा आपल्या डोक्यामागून काढून आपल्यासमोर आणायचा. त्यासाठी हक्काची जागा म्हणजे कट्ट्यावरच्या कपाटाचा तळ. बाजारात याला प्रोफाइल लाइट म्हणतात: अॅल्युमिनियमच्या पन्हळीत चिकटवलेली एलईडीची पट्टी, वरून दुधी झाकण.

आता थोडा हिशेब. दिवा एकूण किती प्रकाश देतो ते लुमेनमध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एक लुमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात एकाहूनही कमी. चिरणं, निवडणं, तांदळातले खडे वेचणं अशा कामांना ३०० ते ५०० लक्स लागतात. वीस वॅटची चांगली एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन देते. शंभर चौरस फुटांचं किचन म्हणजे ९.३ चौरस मीटर. सगळेच्या सगळे लुमेन खाली सारखे पसरले आणि भिंतींनी त्यातलं काही खाल्लं नाही असं धरलं, तरी २१५ लक्स होतात. प्रत्यक्षात त्याच्याही बरेच खाली, आणि त्यात आपली सावली. आषाढात रंकाळ्यावर ढग उतरलेले असताना भर दुपारी ट्यूब लावूनही मेथी निवडताना माती दिसत नाही, ती यामुळे.

यात वयाचा भाग वेगळा. माणूस म्हातारा होतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या मानानं सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आजी म्हणते, ‘मला दिसंना झालंय,’ नातू म्हणतो, ‘एवढा उजेड हाय की!’ दोघंही खरंच बोलत असतात. घरात स्वयंपाक करणारं माणूस कोण आहे, ते बघून उजेड ठरवावा.

पट्टी कपाटाखाली लावायची हे ठरलं, तरी नेमकी कुठे यावर निम्मा खेळ आहे. वायरमनचा कल ती मागे, टाइल्सला टेकवून लावण्याकडे असतो. वायर भिंतीतूनच येते आणि पट्टी दिसतही नाही, म्हणून. तिथे त्याचं ऐकू नका. बहुतेक घरांत कट्टा दोन फूट खोल असतो, वरचं कपाट एक फूट खोल आणि दोघांमधलं अंतर दोन फूट. आपण चिरतो ती जागा भिंतीपासून दीड फुटावर येते. दुधी झाकणातून गाळून मीटरमागे ६०० लुमेन देणारी लांब पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला लावली, तर त्या जागी साधारण साडेचारशे लक्स पडतात. तीच पट्टी भिंतीलगत लावली तर अडीचशे. वीज तेवढीच, खर्च तेवढाच. फूटभर मागे सरकल्यानं उजेड जवळपास निम्म्यावर. शिवाय भिंतीलगतचा प्रकाश टाइल्सवरून घासत खाली उतरतो, त्यामुळे सांध्यांतला प्रत्येक उंचसखलपणा आणि तेलाचा प्रत्येक शिंतोडा उठून दिसतो. साफसफाईला सोयीचं, पण त्यासाठी दिवा घेतलेला नसतो.

काही जण पट्टीऐवजी तीन-चार छोटे गोल दिवे लावतात. दिसायला छान, पण प्रत्येकाखाली एक झगझगीत वर्तुळ आणि दोहोंच्या मधे मंद उजेड. छोट्या दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्शावर येतो. लांब पट्टीचा निम्म्यावरच येतो, कारण शेजारचे तुकडेही त्या जागेला प्रकाश देतच असतात. कट्ट्यासाठी माझं मत पट्टीला.

पुढच्या कडेला लावण्यात एक अडचण आहे आणि ती काळ्या ग्रॅनाइटची. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट पडलेल्या प्रकाशातला बहुतेक गिळतो, पण चार-पाच टक्के आरशासारखा परत फेकतो. उघडी पट्टी असेल तर एलईडीच्या ठिपक्यांची लखलखीत रांग नेमकी चिरायच्या जागेवर उमटते आणि डोळ्यांना टोचते. दुधी झाकण लावलं, किंवा ज्यात एकेक ठिपका वेगळा दिसत नाही अशी सीओबी पट्टी घेतली, की हा त्रास बराच जातो. पन्हळ ४५ अंशांची, भिंतीकडे तोंड केलेली घेतली तर आणखी बरं. आणि सुताराला कपाटाचं शटर तळापेक्षा पाऊण इंच खाली उतरवायला सांगावं. जेवणाच्या टेबलावर बसलेल्याच्या डोळ्यांत मग पट्टी खुपत नाही. हे फर्निचर तयार झाल्यावर सुचून उपयोग नसतो.

आता प्रकाश कशाचा बनलाय त्याकडे. पांढऱ्या एलईडीच्या आत पांढरं काही नसतं. आतली चकती निळा प्रकाश देते, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. थोडा निळा प्रकाश लेपातून तसाच बाहेर पडतो, बाकीचा लेप शोषून पिवळा करून सोडतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, तिच्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण निळा अधिक पिवळा म्हणजे ऊन नव्हे. या मिश्रणात गडद लाल फार थोडा असतो. आणि आपल्याकडे स्वयंपाकाची सगळी मदार लाल रंगावर. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीतली लाल रंगद्रव्यं निळा-हिरवा प्रकाश शोषतात आणि ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल परत पाठवतात. दिव्यात तो लालच नसेल तर परत पाठवणार काय? कांदा-लसूण मसाला मग विटकरी, मळका दिसतो, तांबड्या रश्श्यावरचा कट तपकिरी वाटतो, आणि ताजं मटणसुद्धा शिळ्यासारखं. खोबरं खरपूस झालं की करपायला लागलं, मसाला तेलात परतून झाला की कच्चा आहे, हे आपण रंगावरूनच ठरवतो. गावातले जुने सोडियमचे पिवळे पथदिवे आठवा. त्यांच्याखाली लाल गाडी आणि चॉकलेटी गाडी यांत फरक कळायचा नाही. एलईडी इतकी वाईट नाही, पण रोग त्याच जातीचा.

खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो रंग किती खरे दिसतात याचा. १०० म्हणजे उत्तम. जुना तारेचा पिवळा बल्ब जवळपास शंभरात बसायचा. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या ८० च्या. मेख अशी, की हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे आणि त्यांत गडद लाल नाहीच. गडद लालाचा आकडा वेगळा, त्याला आर-९ म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या पट्टीचा आर-९ शून्याजवळ, कधी शून्याखालीही असतो आणि तरी खोक्यावर ८० छापणं खोटं ठरत नाही. आर-९ पन्नासच्या वर असेल अशी पट्टी शोधावी. ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयच्या पट्ट्यांत ती मिळण्याचा संभव बराच जास्त.

अशा पट्ट्या थोड्या महाग असतात आणि तेवढ्याच वॅटला लुमेनही थोडे कमी देतात. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यानुसार ठरलंय. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. ६५० च्या लाल प्रकाशाला त्याच्या सुमारे एक दशांश. कंपनीनं लाल वाढवला की रंग सुधारतात आणि लुमेनचा आकडा घसरतो. म्हणजे ‘एका वॅटला सर्वांत जास्त लुमेन’ हे वाचून पट्टी उचलली, तर नकळत तिखटाचा रंग विकून उजेड घेतला असं होतं. कट्ट्यासाठी हा सौदा मला पटत नाही.

दुकानात ‘सीआरआय किती?’ विचारलं तर ‘वॉर्म पायजे का व्हाइट, तेवढं सांगा की’ असं उत्तर यायची शक्यता जास्त. त्यावर सोपा इलाज: मसाल्याच्या डब्यातली तिखटाची वाटी सोबत न्यायची. आधी दुकानाबाहेर उन्हात बघायची, मग पट्टी लावून तिच्याखाली. शेजारी दुसरी पट्टी लावायला सांगायची. ज्या पट्टीखाली तिखट बाहेर दिसलं तसंच दिसतं, ती घ्यायची. दुकानदार हसेल, हसू दे.

वॉर्म की व्हाइट, हा प्रश्नही आहेच. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला. आपल्याकडे ६५०० ची सवय लागलीय, कारण तो ‘जास्त लख्ख’ वाटतो. सराफ मात्र सोन्यावर पिवळसर आणि चांदीवर पांढरा प्रकाश टाकतात; कुठला माल कशात खुलतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कट्ट्यावर दोन्ही टोकं नकोत. ६५०० खाली पांढरा रस्सा निळसर, दुधात पाणी घातल्यासारखा दिसतो. ३००० खाली हळद किती पडली ते चटकन कळत नाही. मी ४००० घेईन, आणि छताची ट्यूबही बदलून त्याच्याच जवळची करीन, नाहीतर एकाच किचनमध्ये दोन रंगांचा उजेड भांडत राहतो.

विजेचं काम फार अवघड नाही. थेट २३० व्होल्टवर चालणारी स्वस्त पट्टी मीटरवर कापून मिळते, ती सिंकजवळ अजिबात नको. तिच्यातून शॉकची भीती असतेच, शिवाय मेन्सच्या ५० हर्ट्झमुळे ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्याला सरळ कळत नाही, पण सुरी वेगानं चालवली की एकाच्या अनेक दिसतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले की समजावं.

१२ किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. दोन्हींत मला २४ बरी वाटते. पाच मीटरला ५० वॅट लागत असतील तर १२ व्होल्टला ४ अँपियरच्या वर प्रवाह जातो, २४ ला २ च्या आसपास. प्रवाह निम्मा झाला की तांब्याच्या पातळ पट्ट्यांत वाया जाणारी वीज चौथ्या हिश्शावर येते, आणि पट्टीचं दुसरं टोक मिणमिणत नाही. ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे १२ किंवा २४ करणारा डबा, लागणाऱ्या वॅटच्या सव्वापट घ्यायचा: तीन मीटरची ३० वॅटची पट्टी असेल तर ४० वॅटचा. तो शेगडीच्या वर नको, हवा लागेल अशा कपाटात, आणि पुढेमागे हात पोचेल असा. पट्टी दहा-वीस वर्षं चालेल, ड्रायव्हर आधी जातो. पावसाळ्यात विजेचा दाब वर-खाली होणाऱ्या भागात तर नक्कीच. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर याच निमित्तानं बसवून घ्यावा. बिलाची काळजी करू नका: ३० वॅट रोज चार तास म्हणजे महिन्याला साडेतीन युनिट.

पन्हळ अॅल्युमिनियमची का, तर उष्णतेसाठी. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णता होते आणि ती मागच्या बाजूनं निघते. अॅल्युमिनियम ती प्लायवुडच्या हजारपट सहज वाहून नेतं. पट्टी नुसती प्लायला चिकटवली तर एलईडी तापते, लवकर मंदावते, आणि मागची टेप सुटून पट्टी लोंबायला लागते. टेपवर मुळात भिस्त ठेवू नये. पन्हळ स्क्रूनं बसवावी आणि पट्टी चिकटवण्याआधी आतली बाजू स्पिरिटनं पुसावी. शेगडीच्या बरोबर वर पट्टी नेऊच नये, तिथे चिमणीचा दिवा असतो. सिंकच्या वर आयपी-६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाऊ न देणारी पट्टी घ्यावी. बाकी कट्ट्याला साधी चालते.

फोडणीच्या वाफेतलं तेल दुधी झाकणावर बसतं आणि धूळ धरून पिवळा चिकट थर होतो. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून महिन्यातून एकदा पुसलं की पुरे. दिवा आधी बंद करून. धुण्याचा सोडा वापरू नये, झाकण स्वच्छ निघेल पण अॅल्युमिनियम काळं पडतं.