लस हुकते कुठे?

एखाद्या भागात लसीकरण कमी असल्याचं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लोक लस का नाकारतात? उत्तरही बहुतेकांच्या मनात तयार असतं: अज्ञान, अंधश्रद्धा, अफवा. लसीकरणावर काम करणारा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक मात्र या प्रश्नापाशीच थांबतो. या मुलांच्या पालकांनी लस नाकारली होती, हे तपासलं कुणी?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी जगभरातल्या लसीकरणाचा अंदाज प्रसिद्ध करतात. त्यानुसार 2024 मध्ये सुमारे 1 कोटी 43 लाख तान्ह्या मुलांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यावरच्या त्रिगुणी लशीचा एकही डोस मिळाला नाही. यातली जवळपास निम्मी मुलं युद्ध, यादवी किंवा कोलमडलेला कारभार सोसणाऱ्या 26 देशांतली आहेत. तिथे नाकारायला आधी लस दारापर्यंत पोचावी तरी लागते. आणखी सुमारे 57 लाख मुलांना पहिला डोस मिळाला, पण तिन्ही पूर्ण झाले नाहीत. म्हणजे त्यांचे पालक एकदा केंद्रावर आले होते, त्यांनी आपल्या बाळाला सुई टोचू दिली होती. त्यांना ‘लसविरोधी’ म्हणायला फारसा आधार नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या डोसामधल्या या फरकाला गळती म्हणतात. आकडा साधा, पण फार बोलका. पहिलाच डोस कमी असेल तर सेवा पोचत नाही किंवा लोकांना ती नको आहे. पहिला भरपूर आणि तिसरा कमी असेल तर मधल्या काही आठवड्यांत काहीतरी बिनसलं. पुढची तारीख सांगितली नाही, दुसऱ्या खेपेला लस संपलेली होती, बाळाला ताप आला आणि तो येणार हे कुणी आधी बोललंच नव्हतं, आईची मजुरी बुडत होती. यातल्या प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे, आणि भिंतीवरचं पोस्टर हा त्यातल्या बहुतेकांवरचा उपाय नाही.

कारणांकडे वळण्याआधी मोजणीचंच पाहू, कारण या क्षेत्रातली निम्मी मेहनत तिथे जाते. किती टक्के मुलांना लस मिळाली, हा अपूर्णांक आहे. अंश म्हणजे दिलेले डोस, छेद म्हणजे त्या वयाची एकूण मुलं. अंश केंद्राच्या नोंदवहीतून मिळतो. छेद मात्र बऱ्याचदा जुन्या जनगणनेवरून अंदाजाने काढलेला असतो. माणसं स्थलांतर करतात, वस्त्या वाढतात आणि छेद तिथेच राहतो. मग एखाद्या जिल्ह्याचं लसीकरण 108 टक्के निघतं आणि ते सरकारी तक्त्यात तसंच छापलं जातं. हा आकडा निदान स्वतःची चूक ओरडून तरी सांगतो. खरा धोका 92 टक्क्यांचा: तो तितकाच चुकीचा असू शकतो, पण कुणाला शंका येत नाही.

म्हणून घरोघरी जाऊन पाहणी करावी लागते. 1970च्या दशकात जगभर लसीकरण कार्यक्रम उभे राहिले तेव्हा एक सुटसुटीत पद्धत रूढ झाली. 30 वस्त्या निवडायच्या, प्रत्येकीत 7 मुलं शोधायची आणि 210 मुलांवरून अंदाज बांधायचा. उत्तर 10 टक्के इकडे किंवा तिकडे असलं तरी त्या काळी चालत होतं. कमी पैशांत, फारसं गणित न येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडूनही होणारी ही पद्धत होती आणि तिने फार मोठं काम केलं, हे मान्य करायलाच हवं. तिची अडचण होती पायाखाली. पथक वस्तीच्या मध्यावरून सुरुवात करायचं आणि जवळच्या घरातून त्याच्या शेजारच्या घरात जायचं. सात मुलं तिथेच भरायची. वस्तीच्या टोकाची झोपडी, ओढ्यापलीकडची चार घरं, नुकतंच बिऱ्हाड थाटलेलं मजुरांचं कुटुंब मोजणीत यायचंच नाही, आणि लस हुकण्याची शक्यता नेमकी तिथेच जास्त. आता घरांची यादी आधी करून त्यातून नावं निवडण्यावर भर असतो. शिवाय कार्ड हरवलेलं असेल तर आईच्या आठवणीवर विसंबावं लागतं. दोन-तीन मुलांची आई कुठल्या बाळाला कोणत्या महिन्यात दंडावर टोचलं आणि कोणत्या महिन्यात मांडीवर, हे कुठवर लक्षात ठेवणार?

सरासरी चांगली निघाली तरी काम संपत नाही. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, साधारण 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. त्यामुळे साथ रोखायला जवळपास 95 टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. पण विषाणूला राज्याची सरासरी कळत नाही. 96 टक्के लसीकरणाच्या प्रदेशात उरलेले 4 टक्के विखुरलेले असतील तर साथ पेटणं अवघड. तेच एका वस्तीत, एका शाळेत एकवटले असतील तर तिथे गोवर हमखास शिरतो.

अशा वस्तीत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो आपल्याच समजुतींना. उत्तर लंडनमधल्या सनातनी ज्यू समाजात गोवराच्या साथी पुन्हा पुन्हा येत होत्या. धर्मामुळे विरोध असणार, असं बाहेरच्यांना सहज वाटलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने आखून दिलेल्या पद्धतीने तिथे पालकांशी आणि दवाखान्यांशी सविस्तर बोलणं झालं, तेव्हा धार्मिक विरोध हे मुख्य कारण नव्हतंच. कुटुंबं मोठी, घरात लहान मुलं अनेक. सगळ्यांना घेऊन दवाखान्यात जायचं, तिथे ताटकळायचं, आणि तेही सोयीची वेळ मिळाली तर. उपायाची दिशा धर्मगुरूंकडून दवाखान्याच्या वेळापत्रकाकडे वळली.

दवाखान्याच्या आतही लस हुकते. बीसीजी आणि गोवराच्या लशी बऱ्याच ठिकाणी अनेक डोसांच्या एकाच कुपीत येतात. कुपी उघडून द्रावण मिसळलं की ती 6 तासांच्या आत संपवायची, उरलेली फेकायची. समोर दोनच बाळं आहेत. कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया, आणि वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वरिष्ठ मागतात. न टोचलेल्या बाळाचा हिशेब कुणी मागत नाही. मग परिचारिका म्हणते, “पुढच्या आठवड्यात या, तेव्हा दहा जणं असतील.” तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिच्यापुढे नियमच तसा ठेवला आहे. सर्दी-पडसं आहे म्हणून परत पाठवलेली बाळं वेगळीच. साध्या सर्दीत लस देता येते, पण ही खबरदारी इतकी मुरलेली आहे की पालक आणि कर्मचारी दोघांनाही ती बरोबर वाटते.

सोय किती महत्त्वाची, याचा भक्कम पुरावा राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातून आला. सेवा मंदिर ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांच्यासह अर्थतज्ज्ञांनी 134 गावांत प्रयोग केला आणि 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणत्या गावाला काय द्यायचं हे दैवगतीने, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली; तिथे 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं. तिथे 18 टक्के. काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला किलोभर डाळ आणि लसीकरण पूर्ण झालं की ताटांचा संच दिला. तिथे 39 टक्के. लोकांचा लशीला कडवा विरोध असता तर एक किलो डाळीने तो विरघळला नसता. गंमत म्हणजे डाळ देऊनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च नुसत्या शिबिरांपेक्षा निम्म्याच्या आसपास आला. कारण सरळ आहे: परिचारिकेचा दिवसभराचा खर्च तेवढाच राहतो, मुलं जास्त येतात. तरीही 61 टक्के उरलेच, आणि हा आकडा प्रयोगाचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

यापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे आठवण करून देणं. पत्र, फोन, मोबाइलवरचा संदेश यांवरच्या 75 अभ्यासांचा 2018 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा लस घेणाऱ्यांत सरासरी 100 मागे 8 जणांची भर पडल्याचं दिसलं. शब्दांनीही फरक पडतो. अमेरिकेत फ्लूच्या लशीसाठी 22 वेगवेगळे संदेश साडेसहा लाखांहून अधिक लोकांवर तपासले गेले. त्यांत ‘लस तुमची वाट पाहत आहे’ अशा थाटाचा संदेश वरचढ ठरला. तिथल्याच आधीच्या एका प्रयोगात कर्मचाऱ्यांना फ्लूची लस कोणत्या दिवशी, किती वाजता घेणार हे फक्त कागदावर लिहायला सांगितलं, आणि प्रमाण 33 टक्क्यांवरून 37वर गेलं. कुणाचंही मत बदललेलं नव्हतं. जे घेणारच होते आणि राहून जात होतं, त्यांचं राहिलं नाही, एवढंच.

मनात खरोखर शंका असणारे पालक आहेतच. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली लीस्क आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये पालकांचे पाच गट मांडले. एका टोकाला निःशंकपणे लस देणारे, दुसऱ्या टोकाला पूर्ण नकार देणारे; हे दुसरे 2 टक्क्यांहूनही कमी. मध्ये मोठी गर्दी आहे. कुणी धाकधुकीने देतं, कुणी साशंक होऊन देतं, कुणी उशिरा किंवा निवडक लशी देतं. समाजमाध्यमांवर आवाज त्या 2 टक्क्यांचा मोठा, म्हणून प्रचारमोहिमाही त्यांच्याशीच भांडत बसतात आणि मधल्यांचे साधे प्रश्न तसेच राहतात.

भांडून काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 1759 पालकांना गोवर-गालगुंड-रुबेला लशीबद्दल वेगवेगळा मजकूर दाखवला. काहींना या लशीने स्वमग्नता (ऑटिझम) होत नसल्याचे पुरावे, काहींना आजाराच्या धोक्यांची माहिती, काहींना आजारी मुलांची छायाचित्रं, काहींना मरणाच्या दारातून परतलेल्या बाळाची कहाणी. 2014 मध्ये निष्कर्ष आले: चारपैकी एकानेही लस देण्याची इच्छा वाढली नाही. पुराव्यांनी गैरसमज कमी झाला, पण आधीच सर्वांत नाराज असलेल्या पालकांची इच्छा आणखी घटली. छायाचित्रं पाहिलेल्यांचा तर स्वमग्नतेच्या समजावर अधिकच विश्वास बसला. खुलाशाचा असा उलटा परिणाम नंतरच्या सगळ्या प्रयोगांत दिसलेला नाही, त्यामुळे खुलासे बंद करा असा याचा अर्थ नव्हे. पण भीती दाखवली की माणूस शहाणा होतो, या समजाला इथे आधार मिळत नाही.

संवादाचा सूर मात्र फरक करतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डग्लस ओपेल यांनी सिअ‍ॅटल शहराच्या परिसरात डॉक्टर-पालक भेटींचं चित्रीकरण करून 111 संभाषणं तपासली. “आज या लशी द्यायच्या आहेत,” अशी सुरुवात झाली तेव्हा 26 टक्के पालकांनी विरोध केला. “लशींचं काय करायचं ठरवलंय?” असं विचारलं तेव्हा 83 टक्क्यांनी. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. कुठले पालक कुरकुर करतात हे डॉक्टरांना आधीच ठाऊक असेल आणि त्यांनाच ते जपून विचारत असतील, ही शक्यता उरते. शिवाय पुढच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या सुरुवातीने लस जास्त जणांनी घेतली, पण भेटीबद्दल समाधान कमी जणांनी व्यक्त केलं. आज होकार मिळाला आणि विश्वास थोडा झिजला, तर तो सौदा परवडतो का? माझ्या मते रोजच्या कामात ठाम सुरुवात बरी, पण पालक अडखळले की लगेच ऐकण्याच्या भूमिकेत यायला हवं. कॅनडात क्युबेक प्रांतातल्या प्रसूती विभागांत बाळंतिणीशी लशींबद्दल निवांत बोलणारे प्रशिक्षित समुपदेशक नेमले गेले, ते याच विचाराने.

विश्वास लशीवरचा नसतोच पुष्कळदा. तो ती घेऊन येणाऱ्यावरचा असतो. 2003 मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो राज्याने पोलिओचं लसीकरण थांबवलं. लशीने मुली वांझ होतात अशी अफवा होती आणि जगभर तिची टवाळी झाली. पण त्याच कानोत 1996च्या मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती आणि पालकांची रीतसर संमती न घेतल्याच्या आरोपावरून खटले चालू होते. परक्यांचं औषध, आपली मुलं, हा अनुभव ताजा होता. सुमारे 11 महिन्यांनी बहिष्कार उठला तो शास्त्रीय व्याख्यानांनी नव्हे. स्थानिक नेते आणि धर्मगुरूंशी वाटाघाटी झाल्या आणि इंडोनेशिया या मुस्लिमबहुल देशात बनलेली लस घ्यायचं ठरलं. तोवर नायजेरियातला विषाणू अनेक पोलिओमुक्त देशांत पोचला होता. मूळचा पोलिओ विषाणू आफ्रिकेतून हद्दपार झाल्याची घोषणा व्हायला 2020 उजाडलं.

1986 मध्ये ओटावा इथे आरोग्यसंवर्धनावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या सनदेत लोकांना माहिती आणि कौशल्यं देणं हे पाच कामांपैकी फक्त एक होतं. बाकीची चार होती धोरणं, पोषक परिसर, समाजाचा सहभाग आणि आरोग्यसेवेची फेररचना. लसीकरणाच्या पाहण्यांत हा विचार उतरायला बराच काळ गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये नवी प्रश्नावली दिली. ती तयार करणाऱ्या गटाच्या अध्यक्ष लीस्कच होत्या. तिच्यात लस सुरक्षित वाटते का, हा प्रश्न आहे. पण त्याबरोबर लस कुठे मिळते ते माहीत आहे का, तिथवर जाणं परवडतं का, जवळच्या माणसांना काय वाटतं, आणि बाळाला दवाखान्यात न्यायला आईला कुणाची परवानगी घ्यावी लागते का, हेही आहे. शेवटच्या प्रश्नाला एखाद्या वस्तीत बहुतेक बायका “हो” म्हणाल्या, तर आईसाठी छापलेली पत्रकं चुकीच्या माणसाच्या हातात पडत आहेत.